जमनाबाईच्या श्वासाची फुंकणी

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. माझे एक टोक जन्मभर विस्तवाजवळ होते आणि दुसरे एका बाईच्या ओठांपाशी. विस्तवाने मला पोळले नाही आणि ओठ मला मऊ लागले नाहीत. लोखंडाला काही जाणवत नाही. त्यामुळे जे घडले ते तसेच सांगणे मला सोपे जाते.

फुंकणी म्हणजे हातभर लांबीची नळी. लाकूड ओले असले, चूल नुसती धुमसत राहिली, की नळीचे एक टोक निखाऱ्यांजवळ धरायचे आणि दुसऱ्यातून फुंकायचे. श्वास नेमका हवा तिथे पोचतो आणि फुंकणाऱ्याच्या भुवया वाचतात. एवढेच माझे काम.

पण मी फुंकणी म्हणून जन्मले नाही. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले, त्या वर्षांतली ही गोष्ट. कामगारांच्या राहण्याच्या जागेपर्यंत पाण्याचा नळ टाकत होते. त्या नळाचा मी उरलेला तुकडा. माझी भावंडे जमिनीखाली गेली, त्यांच्यातून पाणी वाहू लागले. मी मापापेक्षा जास्त निघाले, म्हणून करवतीने कापून मला बाजूला टाकले. वाळूत पडून राहिले. खाऱ्या वाऱ्याने अंगावर तांबूस गंज चढला.

नळाच्या कामावर झुंबर नावाचा एक फिटर होता. नगर जिल्ह्यातला, बोलका गडी. त्याने मला उचलले आणि मुकादमाला विचारले, "ह्यो तुकडा नेऊ का? काकूची फुंकणी जळाली. येळूची व्हती."

मुकादम म्हणाला, "ने बाबा. तेवढीच भाकरी वेळेवर मिळेल."

झुंबरने माझ्या दोन्ही कडा कानशीने घासल्या. ओठ कापू नयेत म्हणून आतूनही घासल्या. मग राखेने चोळून, खोबरेल लावून त्याने मला एका चुलीशेजारी नेऊन ठेवले. ती जमनाबाईची चूल.

जमनाबाईची खाणावळ तारापूर गावाच्या टोकाला, सुरूच्या बनाच्या अलीकडे होती. राहत्या घराची पडवी, तिच्यापुढे माडाच्या झापांचे छप्पर वाढवलेले, खाली शेणाने सारवलेली जमीन. नवरा वारलेला. मुलगा रामनाथ बोटीवर खलाशी, महिन्या दोन महिन्यांनी घरी येणारा. घरात ती आणि सून मंगला. दोघी मिळून बाहेरगावच्या कामगारांना दोन वेळा जेवू घालत. जमनाबाईला सगळे कामगार काकू म्हणत.

माझे आल्या दिवसापासून कौतुक झाले. वेळूची नळी टोकाला जळत जळत आखूड व्हायची, मी तशीच राहिले. जमनाबाई गालात वारा भरून फुंकायची नाही. ती पोटातून फुंकायची, लांब आणि एकसारखे. सुरूचे ओले लाकूडही तिच्यापुढे फार वेळ हट्ट करायचे नाही. झुंबर जेवताना म्हणायचा, "आमच्या नळानं काकूच्या घरी जाळ आला. वसाहतीत अजून पाणीबी आलं न्हाई."

जमनाबाईची एक सवय मात्र मला सांगायलाच हवी, कारण पुढचे सगळे तिच्यापासून सुरू झाले. धुराने घसा कोरडा पडतो. म्हणून चुलीपुढे बसताना ती गालात गुळाचा खडा धरायची. तिची आईही धरायची. चुलीवर जन्म काढणाऱ्या बाया असेच करतात. खडा विरघळला की हात आपोआप चुलीमागच्या डब्याकडे जाई आणि दुसरा खडा गालात येई. माझे वरचे टोक कायम चिकट असे. मला भिंतीला टेकवून ठेवले की मुंग्यांची रांग माझ्या अंगावरून वर चढे.

मग तिला तहान लागू लागली. तांब्यावर तांबे पाणी. दर थोड्या वेळाने चूल सोडून परसात जावे लागे. अंगावरचे मांस उतरले, चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या. तिने मनाशी निदान करून टाकले. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला दुसरे काय होणार? उष्णता.

उष्णतेवर उपाय तिच्या दारातच उभा होता. हे ताडाच्या झाडांचे घराणे. तिचा दीर नरहरी उजाडण्यापूर्वी ताडावर चढून, आतून चुना लावलेली मडकी उतरवायचा. सूर्य वर येण्याआधीची ती ताजी नीरा. थंड, पारदर्शक आणि गोड. नरहरी रोज तांब्याभर आणून द्यायचा.

"वैनी, आपल्या झाडाची हाय. सगळी उष्णता काढंल."

"भावजी, अर्धा तांब्या बास झाला."

"अर्ध्यानं काय होते? पुरी प्या."

ती पुरी प्यायची. आपल्या झाडाचे आपल्याला कधी बाधत नाही, यावर दोघांचाही विश्वास होता. जितकी तहान वाढे तितकी नीरा वाढे आणि जितकी नीरा वाढे तितकी तहान. या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला त्यात चूक दिसणे अवघड होते. नीरा म्हणजे औषध, हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असते.

एका सकाळी ती भाकऱ्या थापत होती. चुलीतून एक निखारा घरंगळून जमिनीवर आला. फळीवरचे पीठ घ्यायला ती उठली आणि तिने त्या निखाऱ्यावर उजवा पाय दिला. पाय तिथेच ठेवून ती पीठ काढत उभी राहिली. मी शेजारी पडले होते. मी सगळे पाहिले.

मंगला पाणी घेऊन आत आली. तिला वास आला. आधी तिला वाटले भाकरी करपली.

"आई! पाय!"

"काय झाला पायाला?"

"निखाऱ्यावर हाय तुमचा पाय!"

जमनाबाईने खाली पाहिले. परक्या माणसाचा पाय बघावा तसे पाहिले. मग तो उचलून बाजूला ठेवला. ती ओरडली नाही, कारण ओरडण्यासारखे तिला काही वाटलेच नव्हते. मंगला रडत होती आणि जमनाबाई तिलाच समजावत होती. नंतर तव्यावरची भाकरी तिने उलटली.

जखम भरेना. हळद झाली, कोरफड झाली. करंगळीपासून तळव्याच्या मध्यापर्यंत ओल राहिली. शेवटी मंगलाने तिला एसटीत बसवून बोईसरला आणि तिथून गाडीने पालघरला नेले. चुरी डॉक्टरांकडे. मी बरोबर नव्हते. परत आल्यावर चुलीपाशी दोघी जे बोलल्या तेवढेच मला माहीत आहे.

डॉक्टरांनी लघवी तपासली. काचेच्या नळीत निळे औषध, त्यात थोडे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळे औषध हिरवे झाले, पिवळे झाले आणि शेवटी विटेसारखे लाल झाले.

"जमनाबाई, ही सगळी साखर," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह आहे तुम्हाला. बरेच दिवसांचा असणार. पायाच्या नसा बधिर झाल्यात, म्हणून भाजलेलं कळलं नाही."

त्यांनी गोळ्या दिल्या. जखम धुण्याचे औषध दिले. गूळ, साखर, नीरा बंद. भात थोडा. अनवाणी चालायचे नाही, चुलीपाशीसुद्धा नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. साखर खाली आली नाही तर जखम वर सरकेल. मग मुंबईला नेऊन पाऊल कापावे लागेल.

नरहरी दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन आला. मंगलाने तो दारातच थांबवला.

"काका, यातबी साखर हाय. डॉक्टर बोलले."

"नीरेत? आपल्या झाडाच्या?" नरहरीने तांब्यात वाकून पाहिले. मग तो माघारी गेला. त्याला फार लागले असावे. पण पुन्हा त्याने तांब्या आणला नाही.

नीरा सुटली. ती दुसऱ्याच्या हातून येत होती, म्हणून सुटली. गूळ मात्र तिच्या स्वतःच्या हातात होता. ती सकाळी निश्चयाने चुलीपुढे बसे. मला उचली, फुंकू लागे. धूर घशात जाई. थोड्या वेळाने मंगला बघे तर सासूचा एक गाल फुगलेला.

"आई, तोंडात काय हाय?"

"काय नाय."

"आ करा."

"मी काय पोर हाय?"

"पोर असता तं थोबाडीत दिली असती."

जमनाबाई खडा थुंकून टाकी. तिला खरोखरच आठवत नसे तो गालात कधी आला ते. मंगलाने डबा लपवला. कांद्यांच्या टोपलीत लपवला, सरपणामागे लपवला. जमनाबाईचा हात तो शोधून काढी. एकदा दोघींचे चांगलेच वाजले.

"पाय तुमचा जाणार आन् उचलून न्यायला मी!" मंगला म्हणाली.

"तू काय उचलशील मला? तुला भरला हंडा उचलत नाय."

कामगार ताटावर मान खाली घालून जेवत राहिले. 

चपलांचेही तेच. चुलीपुढे पायात घालून बसायचे म्हणजे अन्नाचा अपमान, असे जमनाबाईचे ठाम मत. त्यावर मंगलाने तोड काढली. बोईसरच्या बाजारातून तिने नव्या रबरी चपला आणल्या, धुतल्या, हळदकुंकू लावून चुलीपुढे मांडल्या आणि सांगितले, "या अंगणात बी जाणार नाय. या चुलीच्याच." जमनाबाईने बराच वेळ विचार केला. मग घातल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांची काचेची नळी पुन्हा विटेसारखी लाल झाली. जखम बोटभर वाढली होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "गूळ खाता तेव्हा काय होतं? नीट सांगा."

"काय होते? हात कवा जाते तेच मला कळत नाय, डॉक्टर."

डॉक्टरांनी म्हणे पेन खाली ठेवले. ते म्हणाले, "पायाला कळत नाही, त्याला माझ्याकडे लगेच उपाय नाही. हाताला कळू द्या. हात डब्याकडे निघाला की थांबायचं. श्वास आत जातोय, बाहेर येतोय, तेवढंच बघायचं. गूळ हवासा वाटेल. वाटू द्या. श्वास बघत राहा."

"श्वास काय बघायचा? तो काय दिसते?"

"तुम्ही फुंकता तेव्हा तुमचं ध्यान कुठं असतं?"

"जाळावर."

"तसंच. फक्त जाळ नाही."

घरी आल्यावर मंगला डॉक्टरांची नक्कल करून हे सारे सांगत होती. जमनाबाई म्हणाली, "जाळ नाय तं फुंकायचा कशाला? येडाच हाय." तरी तिने दोन चार दिवस डोळे मिटून बसून पाहिले. डोळे मिटले की तिला डबाच दिसे. एकदा ती बसल्या बसल्या झोपून गेली आणि आमटी उतू गेली.

मग एक दुपार आली. कामगार जेवून गेले होते, चूल विझली होती. मंगला भांडी घेऊन विहिरीवर गेली होती. जमनाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि डबा या वेळी पाटाखाली आहे, हे तिला ठाऊक होते. तिचा हात पाटापर्यंत गेला. तिथे तिला तो दिसला. स्वतःचाच हात, पाटाची कड धरलेला. तिने तो मागे घेतला. रिकामा हात काय करणार, त्याने सवयीने मला उचलले. तिने मला ओठांना लावून थंड चुलीत फुंकर मारली. राख उडून तिच्या डोळ्यांत गेली.

ती पुटपुटली, डोळे पुसले आणि माझे तोंड चुलीकडून फिरवले. समोर दुसरे काही नव्हते, म्हणून डावा तळहात धरला. फुंकले.

तळहाताला वारा लागला.

तिने पुन्हा फुंकले. जोरात फुंकले की वारा एकदम लागे आणि संपे. हळू फुंकले की बारीक, कोमट धार तळहाताच्या मध्यावर टिकून राही. ती धार जितकी लांबवता येईल तितकी ती लांबवू लागली. श्वास संपला की नाकाने सावकाश आत घेई आणि पुन्हा मला ओठ लावी. श्वास दिसत नव्हता, पण आता तो कुठे आहे ते तिला कळत होते. माझ्यातून रोज तिचा श्वास जात होता. तो कुठे जातो हे तिने पहिल्यांदाच तपासले.

गुळाची ओढ गेली का? नाही. ती वर चढत गेली. मंगला परत आल्यावर जमनाबाईने तिला सांगितले ते असे: "भरती येते ना, तशी आली. वाटला, आता उंबरा ओलांडते. मी फुंकत रायले. मग ओहोटी लागली."

"आन् डबा?"

"पाटाखाली हाय. तू काय समजतेस, मला ठाव नाय?"

मित्रांनो, इथे कोणी चुकीचे समजू नये. श्वासाने रक्तातली साखर उतरली नाही. ते काम गोळ्यांचे आणि पथ्याचे. श्वासाने हात थांबत होता. आणि तोही दरवेळी नाही. कित्येकदा मी भिंतीशीच टेकलेली राही आणि खडा गालात जाई. अशा दिवशी जमनाबाई मंगलाला आपणहून सांगे, "आज हारली." मंगला म्हणे, "बरं." दोघींचे भांडण मात्र त्या दुपारनंतर कमी झाले.

कामगारांना गंमत वाटे. जेवणापूर्वी काकू हातावर नळी धरून बसलेली. झुंबर म्हणाला, "काकू, बासरी कवा शिकला? सूर काय येईना."

"तुला सूर पायजेल? उद्या भाकरी कच्ची ठेवते. तूच रडशील सुरात."

सगळे हसले. भगवंत नावाचा एक गवंडी होता, मोजके बोलणारा. त्याने विचारले, "काकू, पाय कसा हाये?" ती म्हणाली, "हाय." त्या एका शब्दात तिला एवढेच सांगायचे होते की अजून जागेवर आहे.

होळी आली. डॉक्टरांनी होळीनंतर लगेच बोलावले होते. या खेपेलाही काचेची नळी लाल झाली तर मुंबईची चिठ्ठी देतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. आणि घाटावरच्या कामगारांची होळी पुरणपोळीशिवाय होत नाही. सुटी फक्त त्याच दिवसाची, गावी जाणे शक्य नाही. भगवंतने कधी नव्हे ते तोंड उघडून मागणे केले, "काकू, पोळी करशाल का?" जमनाबाईने हो म्हटले. खाणावळ चालवणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही.

मोठ्या पातेल्यात डाळ शिजली. तिच्यात गूळ पडला. तो वितळू लागला तसा त्याचा वास झापांच्या छपराखाली कोंडून राहिला. मंगला विहिरीवर गेली होती. पुरण ढवळायला जमनाबाई एकटी. पुरण ढवळायचे थांबवता येत नाही, थांबले की ते बुडाला लागते. आणि गोडी बरोबर आहे का, हे चाखल्याशिवाय कळत नाही. एरवी गोडाची चव मंगला घेई. आता मंगला नव्हती.

जमनाबाईने उलथन्याच्या टोकावर थोडे पुरण घेतले. फुंकून गार केले. तोंडाजवळ आणले. चव बघणे हे तिचे कामच होते. त्याला कोणी चोरी म्हटले नसते. पण एका घासावर हात थांबणार नाही, हे तिला आता माहीत होते. आजवर तो कधी थांबला नव्हता.

तिने उलथने पातेल्यात ठेवले आणि मला उचलले.

माझे खालचे टोक नुकतेच जाळातून आलेले होते. म्हणून तिने तळहात जरा लांब धरला. फुंकले. वाफ तिच्या तोंडावर येत होती, त्यातही गूळच होता. ती श्वास आत घेई तेव्हा गूळ आत जाई आणि बाहेर सोडी तेव्हा तळहातावर फक्त वारा लागे. ती फुंकत राहिली. पातेल्याच्या बुडाशी चर्र असे झाले. तिने ते ऐकले. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला तो आवाज झोपेतही ऐकू आला असता. तिचा हात उलथन्याकडे निघाला आणि परत आला. आत्ता उलथने धरले तर ते तोंडात जाईल, हे तिला कळले. करपल्याचा वास सुटला. तिचे अन्न आजवर एकदाही करपले नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, ते धुराचे होते की कसले, मला सांगता येणार नाही. ती तशीच तळहातावर फुंकत राहिली. हळूहळू ओढ उतरली आणि मला धरलेला हात मांडीवर येऊन पडला.

मग तिने चुलीतली लाकडे मागे ओढली. पातेले उतरवले. वरचे पुरण काढून घेतले, बुडाचे काळे तसेच राहू दिले. उलथने पाण्याच्या बादलीत बुडवले.

पोळ्या झाल्या. पंगत बसली. पहिला घास घेतला आणि भगवंतने वर पाहिले.

"काकू, पुरण लागलंय का?"

"लागला हाय."

"आन् गोड कमी केलंय जरा?"

"मला ठाव नाय. मी चाखला नाय."

 एक कामगार अर्धी पोळी ताटात ठेवून उठला. त्याचे ताट जमनाबाईच्या समोरच पडून राहिले. झुंबरने घास गिळला आणि म्हणाला, "म्हंजे काकू, तुमी न चाखता आमच्यावर सोडलं व्हय? विषबिष असतं तर?"

"तं गावाला जायला बोईसरची गाडी लागली नसती तुला. सरळ वर पोचला असतास."

झुंबर हसला. त्याने पोळीवर दूध ओतून घेतले आणि आणखी एक मागितली. भगवंतने सगळे खाल्ले. उठताना म्हणाला, "आमच्या घरीबी एकदा लागलं व्हतं. आई व्हती तवा." एवढे बोलून तो हात धुवायला गेला.

जमनाबाईने आपली नाचणीची भाकरी आणि बोंबलाचे कालवण खाल्ले. करपलेले पातेले तिने स्वतः घासले. मंगलाने मागितले तरी दिले नाही.

पालघरला नळी हिरवी झाली. हिरव्यावर थांबली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून पाहिली आणि मुंबईची चिठ्ठी लिहिली नाही. तळव्याची जखम सुकू लागली होती. करंगळी मात्र आधीच काळी पडली होती, ती काढावी लागली. कापताना जमनाबाई म्हणे छताकडे बघत होती. डॉक्टरांनी विचारले, "दुखतंय?" ती म्हणाली, "सुरू केलात काय?"

घरी येऊन तिने चुलीच्या चपला घातल्या. उजवी थोडी सैल बसली. मंगला दारात उभी राहून बघत होती.

"बघतेस काय? एक बोट गेला. पाय हाय. पीठ काढ."

त्यानंतर माझे दिवस उतरत गेले. बांधकाम संपत आले, कामगार आपापल्या वाटेला लागले. झुंबर कुठल्याशा धरणाच्या कामावर गेला. रामनाथने रॉकेलचा स्टो आणला आणि चूल फक्त पाणी तापवण्यापुरती उरली. हातावर फुंकायलाही मी लागेनाशी झाले. जमनाबाई ओट्यावर बसून नुसता तळहात ओठांपुढे धरू लागली. पुढे तेही राहिले. ओढ आली की ती बोलता बोलता थांबते, नाकाने एक श्वास सावकाश घेते, सोडते आणि सोडलेले वाक्य पुरे करते. पाहुण्याला काही कळतही नाही. मला कळते, कारण तो श्वास माझ्या ओळखीचा आहे.

मी आता खिडकीच्या झडपेला टेकू म्हणून उभी असते. गंज पुन्हा चढला आहे. येता जाता कोणी माझ्याकडे बघत नाही, आणि मला त्याचे दुःख आहे असे म्हणता येणार नाही. इथून पडवी चांगली दिसते.

दिवस मावळण्यापूर्वी मंगला तिथे कोमट पाण्याचे घमेले आणते. सासूचे पाय धुते, बोटांच्या बेचक्यांतले पाणी टिपते आणि एकेक तळवा उजेडाकडे वळवून बघते. परवा तिने उजव्या टाचेतून माशाचा काटा ओढून काढला. चांगला नखाएवढा होता.

"आई, हा कवा घुसला?"

"मला काय विचारतेस? मला ठाव असता तं तुला पाय कशाला दाखवला असता?"

मंगला हसली. तिने टाच पुसून औषध लावले आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी सांगणार नाही. माझे काम झाले आहे. पण तुमच्या घरी मधुमेह असलेले कोणी असेल, आजी, काका, कोणीही, तर त्यांचा हात गोडाकडे जाताना दिसला म्हणून लगेच ओरडू नका. शेजारी जाऊन बसा. त्यांच्याबरोबर एक श्वास घ्या, सावकाश सोडा, मग दुसरा घ्या. कधी हात थांबेल, कधी नाही थांबणार. तरी बसा. आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत त्यांचे पाय मांडीवर घेऊन तळवे नीट बघा. काटा दिसला तर काढा. काही दिसले नाही, तर पाय पुसून हळूच खाली ठेवा आणि उद्या पुन्हा बघा.